ढब्बूची साखर

"पहिलं बाळ जन्मलं तेव्हा वजन किती होतं?" डॉक्टरीणबाईंनी कागदातून मान वर न काढता विचारलं.

"सव्वाचार किलो," ती म्हणाली. आवाजात सवयीनं थोडा तोरा आलाच.

आठ वर्षं ती हे उत्तर याच तोऱ्यात देत आली होती. ढब्बू जन्मली तेव्हा वॉर्डातल्या बाळंतिणी आपापली दुखणी विसरून पाळण्यात डोकावून गेल्या होत्या. मनगटाला दोरा आवळल्यासारख्या वळ्या, आणि गालांच्या मध्ये नाक शोधावं लागे. सासूबाई येईल-जाईल त्याला सांगायच्या, "आमच्याकडे तान्हं आलंच नाही, एकदम चार महिन्यांचं आलं!" ढब्बू हे नाव पाडलं तिच्या बापानं. बाप वायरमन. गल्लीत सगळे त्याला वायरमन म्हणूनच ओळखत, आणि त्याच्या बायकोला ढब्बूची आई म्हणून. लेकीचं खरं नाव शाळेच्या दाखल्यापुरतं उरलं होतं.

डॉक्टरीणबाईंची मान मात्र आता वर आली. त्यांनी समोरचा रिपोर्ट बोटानं आपल्याकडे सरकवला. "तुमची साखर बरीच वाढलेली आहे. पाचव्या महिन्यातच एवढी. त्या वेळी तपासली होती का?"

"हो."

"काय आलं होतं?"

"नॉर्मल," ती म्हणाली.

हे खोटं होतं. आणि इतकं जुनं होतं, की बोलताना तिची जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

खरं ते असं. ढब्बूच्या वेळी सहाव्या महिन्यात तिला पेलाभर गोडमिट्ट पाणी प्यायला दिलं होतं आणि दोन तास बसून राहायला सांगितलं होतं. पंधराव्या मिनिटाला तिला भडभडून ओकारी झाली. नर्स म्हणाली, आता पुढच्या आठवड्यात पुन्हा उपाशीपोटी या. पुढचा आठवडा शाळा सुरू होण्याआधीचा. ती गणवेश शिवायच्या कारखान्यात कामाला होती, आणि त्या दिवसांत तिथं मान वर करायला फुरसत नसे. शिवाय त्या पाण्याच्या नुसत्या आठवणीनं मळमळायचं. ती गेलीच नाही. घरी सांगितलं, सगळं ठीक आहे. मग एवढं ठणठणीत बाळ झालं, आणि ती गोष्ट तिची तीही विसरून गेली.

"ही का ती सव्वाचार किलोवाली?" डॉक्टरीणबाईंनी कोपऱ्यातल्या बाकाकडे बघितलं. ढब्बू तिथं पाय हलवत बसली होती. शाळेतून परस्पर आईबरोबर आलेली, दप्तर मांडीवर. "ये गं इकडे. वजनकाट्यावर उभी राहतेस?"

ढब्बू खुशीत उभी राहिली. एक्केचाळीस किलो. मग भिंतीला पाठ लावून उंची. डॉक्टरीणबाईंनी खणातून मुलींच्या वाढीचा एक तक्ता काढला. त्यावर खालून वर जाणाऱ्या वाकड्या रेषा होत्या. त्यांनी पेनानं एक टिंब दिलं. ते सगळ्यात वरच्या रेषेच्याही वर, कोऱ्या कागदात जाऊन बसलं.

"आईच्या रक्तात साखर वाढली, की ती बाळापर्यंत पोचते," त्या शांतपणे सांगू लागल्या. "बाळ ती चरबी करून साठवतं. म्हणून जन्मतः वजन जास्त. पुढे अशा मुलांचं वजन वाढत राहण्याची, मोठेपणी त्यांना स्वतःला मधुमेह होण्याची शक्यता इतर मुलांपेक्षा जास्त असते. शक्यता म्हणतेय मी. तसंच होईल असं नाही. खाणंपिणं, खेळणं, झोप, या सगळ्याचा..."

पुढचं तिला ऐकूच आलं नाही. तोंड हलताना दिसत होतं, एवढंच. तिचा हात पोटावर गेला आणि तिथं बाळ आहे हे आठवून ती आणखीच हादरली. जे मी मिरवलं, तो आजार होता. आणि मी तपासायला गेले नाही.

"आई," ढब्बू कानाशी कुजबुजली, "माझं टिंब रेषेच्या बाहेर गेलं?"

तिनं लेकीचं दप्तर उचलून स्वतःच्या खांद्याला अडकवलं.

डॉक्टरीणबाईंनी काय खायचं, किती खायचं याचा कागद दिला. बोटातून रक्त काढून साखर मोजायचं छोटं यंत्र दिलं. पंधरा दिवसांत साखर खाली आली नाही तेव्हा इन्सुलिनची इंजेक्शनं सुरू केली. पोटावर कशी टोचायची ते नर्सनं दाखवलं आणि दोन गोष्टी बजावून सांगितल्या. इंजेक्शन घेतल्यावर जेवण चुकवायचं नाही, आणि ग्लुकोजची पुडी कायम जवळ ठेवायची, कारण साखर एकदम खाली गेली तर तेही धोक्याचं. तिनं मान डोलावली. पण भ्यालेल्या माणसाच्या कानात अर्धंच शिरतं. तिच्या कानात एवढंच शिरलं होतं, की साखर वर जाता कामा नये.

त्या दिवसापासून घरावर पहारा बसला.

घरात होती नव्हती ती सगळी साखर तिनं मोरीत ओतली आणि वरून पाणी सोडलं. बिस्किटं, जॅम, सरबताची बाटली, सगळं कचऱ्यात गेलं. ढब्बूच्या ताटातला भात वाटीनं मोजून पडू लागला. दर रविवारी ती कारखान्यातली टेप घरी आणायची आणि लेकीच्या पोटाचं माप घ्यायची. पहिल्या रविवारी ढब्बूला गुदगुल्या झाल्या, ती हसली. तिसऱ्या रविवारी तिनं श्वास आत ओढून पोट खपाटीला न्यायचा प्रयत्न केला आणि तोंड लाल होईपर्यंत तशीच उभी राहिली. आईला ते दिसलं. दिसूनही तिनं आकडा वहीत लिहिला.

"मला एक बिस्कीट दे ना. एकच," ढब्बू एकदा म्हणाली.

"साखर म्हणजे विष आहे, कळलं? विष! ती खाल्ली की माणूस आजारी पडतं आणि मरतं. तुला मरायचंय का?"

ढब्बूचे डोळे मोठे झाले. तिनं मान हलवली. त्यानंतर तिनं कधी काही मागितलं नाही, आणि आईला वाटलं, चला, पोरीला समज आली.

कारखान्यातही तिचं चित्त थाऱ्यावर नसे. समोर मापं लावून ठेवलेली असत, सहा वर्षांची, आठ वर्षांची, दहा वर्षांची. ढब्बूचा नवा स्कर्ट तिला बारा वर्षांच्या मुलीच्या मापानं शिवावा लागणार होता. तिनं तो दहाच्याच मापात बसवायचा हट्ट धरला. कापड बेतणारे मास्तर साठीचे, चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांनी तिची शिलाई दोनदा उसवलेली बघितली आणि कात्री खाली ठेवली.

"ताई, माप माणसाचं घ्यायचं असतं, आपल्या मनातलं नाही. आवळलेलं कापड बारीक होत नाही, टराटरा फाटतं."

"तुम्हाला माहीत नाही, मास्तर," ती म्हणाली आणि मशीन जोरात चालवू लागली. सुई बोटाच्या नखाजवळून गेली.

तिला दर वेळी तेच दिसायचं. ढब्बू वीस वर्षांची, तिच्याच पोटावर सुई. ढब्बू तिशीची, डोळे अधू. नर्सनं भिंतीवरच्या चित्रात दाखवलेले सगळे आजार एकेक करून लेकीच्या अंगावर चढायचे. आणि पोटातलं? त्याच्या प्रत्येक लाथेला ती दचकायची. ही लाथ जोरात वाटली, म्हणजे मोठं झालं असेल का? मग ती स्वतःचं जेवण कमी करायची. कागदावर दोन वाट्या भात लिहिला असेल तर ती एक घ्यायची. यंत्रावरचा आकडा चांगला यावा म्हणून, परीक्षेत पास व्हावं तसं. डॉक्टरीणबाईंना मात्र सांगायची, "तुम्ही दिल्याप्रमाणेच खाते."

नवऱ्याला यातलं थोडं कळत होतं, थोडं नाही. "अगं, जरा दमानं घे," तो म्हणायचा. "पोरगी घरात पाय न वाजवता चालायला लागलीय."

सासूबाई मात्र गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. "माझी नात ताटाकडे बघत बघत झोपते," त्या एका सकाळी कडाडल्या. "अंगानं भरलेलं लेकरू काय पाप आहे? तुला झालंय तरी काय, सूनबाई?"

"तुमच्याच लाडानं झालंय हे! वाट्याच्या वाट्या भरून कोण द्यायचं तिला?" ती बोलून गेली. बोलतानाच तिला कळत होतं की हा दगड आपला आहे आणि आपण तो दुसऱ्याच्या अंगणात टाकतोय.

सासूबाईंनी पिशवी भरली आणि लेकीकडे, म्हणजे तिच्या नणंदेकडे, निघून गेल्या.

त्यानंतर पाचव्या दिवसाची गोष्ट.

सकाळी नाश्त्यानंतर तिनं बोट टोचलं आणि आकडा वर आला. खूप नाही, पण वर. तिच्या तोंडचं पाणी पळालं. कारखान्यात सगळा वेळ तो आकडा डोळ्यांसमोर नाचत राहिला. दुपारी एकला ती घरी आली. घर कारखान्यापासून दोन गल्ल्यांवर, जेवायला ती रोज घरीच यायची. ग्लुकोजची पुडी मशीनच्या खणात राहिली होती, कधीपासूनची. तिनं नेहमीप्रमाणे इंजेक्शन घेतलं. मग भाताच्या पातेल्यावरचं झाकण उचललं, आत बघितलं, आणि झाकण परत ठेवलं. आज भात नको. सकाळचा आकडा असा तरी फिटेल. तिनं चार फोडी काकडी खाल्ली आणि बरोबर आणलेल्या शर्टांची काजं करायला घेतली.

थोड्या वेळात दार वाजलं. ढब्बू शाळेतून आली, हात-पाय धुतले, आपलं वाटीभर भाताचं ताट घेऊन भिंतीशी बसली, आणि खाली मान घालून जेवू लागली.

आईला आधी वाटलं, उकडतंय. कपाळावर घाम आला, मानेवरून पाठीत उतरला. मग हातातली सुई दिसेना. दिसेना म्हणजे दोन दिसू लागल्या. बोटं थरथरत होती. पोटात अशी भूक पेटली, की मातीसुद्धा खावी. तेव्हा तिला नर्स आठवली. साखर एकदम खाली गेली तर.

ती उठायला गेली आणि गुडघ्यांनी साथ सोडली. भिंतीला धरून ती फरशीवर बसली. भाताचं पातेलं ओट्यावर होतं, चार पावलांवर, आणि ती चार पावलं तिला चार कोसांसारखी दिसत होती.

"ढब्बू," ती म्हणाली. जीभ तोंडात न मावणारी झाली होती. "साखर."

ढब्बूनं तिच्याकडे बघितलं आणि ताट हातातून ठेवून दिलं.

"साखर आण. लवकर. साखर दे मला."

"घरात नाहीये," ढब्बू म्हणाली. "तू ओतून टाकलीस."

ते खरंच होतं. तिला रडू आलं. "कुठूनही आण. गोड काहीही. मला... मला हवीय."

ढब्बू जागची हलली नाही. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "नको," ती म्हणाली. "नको ना आई. तू मरशील."

"नाही मरणार. साखर... विष नाही गं. मी खोटं बोलले होते."

"कधी खोटं बोललीस?" ढब्बू किंचाळली. "तेव्हा, की आत्ता?"

आईच्या डोक्यातले शब्द सुट्ट्या बटणांसारखे घरंगळत होते. एक धरावा तर दुसरा निसटे. ढब्बूनं धावत जाऊन तिचा फोन आणला, बाबांना लावला. घंटी वाजत राहिली. वायरमन त्या वेळी कुणाच्या तरी गच्चीवर शिडीवर होता आणि फोन खाली पिशवीत. ढब्बूनं दुसऱ्यांदा लावला. तिसऱ्यांदा. आईची मान एका बाजूला कलत चालली होती, ओठ नुसतेच हलत होते.

मग ढब्बूनं फोन खाली ठेवला. ती दाराआडच्या खुंटीकडे गेली, आपला रेनकोट काढला, आणि त्याच्या आतल्या खिशात हात घातला. मूठ बाहेर आली ती कागदी पुड्यांनी भरलेली. हॉटेलात चहाबरोबर देतात तशा साखरेच्या बारक्या पुड्या. बापानं हॉटेलातल्या कामांवरून येताना कधीकाळी खिशातून आणलेल्या, तिनं लपवून ठेवलेल्या.

ती आईसमोर गुडघ्यांवर बसली आणि हुंदके देत बोलू लागली. "मी रोज दोन खाते. शाळेतून आल्यावर. मला राहवत नाही गं. रागावू नकोस. मी रोज वाट बघते, पण मी अजून मेले नाही. मला कळत नाही कधी मरणार."

ते सगळं आईच्या कानांपर्यंत पोचलं. हातपाय तिचे राहिले नव्हते, जीभ नव्हती, पण कान होते. तिनं फक्त तोंड उघडलं.

ढब्बूनं पहिली पुडी दातानं फाडली आणि साखर आईच्या जिभेवर ओतली. अर्धी हनुवटीवर सांडली. दुसरी नीट गेली. तिसरी. चौथी. प्रत्येक पुडीनंतर ती आईच्या तोंडाकडे टक लावून बघायची, आता मरते की काय म्हणून, आणि मग पुढची फाडायची.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. दहा मिनिटं असतील. हळूहळू दोन सुयांची एक सुई झाली. घाम गार पडला.

"भात," आई म्हणाली. ढब्बूनं पातेलंच उचलून आणलं.

तेवढ्यात फोन वाजला. "बाबा," ढब्बू ओरडली, "मी आईला साखर दिली!" आणि भोकाड पसरलं.

वायरमन पंधरा मिनिटांत धापा टाकत दारात उभा राहिला. कमरेचा पट्टा, त्यातली पक्कड नि टेस्टर, सगळं तसंच. तोवर ती भिंतीला टेकून बसली होती, ढब्बू तिच्या कुशीत. पण आईच्या चेहऱ्यावर आता वेगळीच भीती होती. दोन्ही हात पोटावर होते.

"हलत नाहीये," ती म्हणाली. "अहो, मघापासून बाळ हललंच नाही."

रिक्षातला तो रस्ता तिला आयुष्यभर पुरेल. वायरमन नुसता तिचा हात दाबत राहिला, इतका की अंगठी रुतली. ढब्बू मध्ये बसून पोटाला कान लावून ऐकत होती. "काहीच येत नाही," ती मधूनच म्हणे, आणि दोघंही तिला गप्प करत नव्हते, कारण दोघांनाही तेच विचारायचं होतं.

दवाखान्यात नर्सनं पोटावर यंत्र फिरवलं. आधी नुसती खरखर. मग खरखर. मग पुन्हा खरखर. तिनं डोळे मिटले आणि मनात कुणाकुणाचे पाय धरले. आणि मग घोडा दौडत यावा तसा तो आवाज आला, टपटप टपटप, अगदी स्वच्छ.

"आहे की," नर्स म्हणाली. "मजेत आहे."

वायरमन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते.

डॉक्टरीणबाई आल्या, सगळं ऐकलं, यंत्रातले आकडे मागे मागे नेऊन बघितले. "तुम्ही दिल्याप्रमाणे खात नव्हता," त्या म्हणाल्या.

"नाही."

"का?"

आणि मग तिनं सगळं ओकून टाकलं. पेलाभर पाणी, पंधरावं मिनिट, न गेलेला पुढचा आठवडा, आठ वर्षांचं नॉर्मल. नवऱ्यासमोर. लेकीसमोर. "हिचं वजन माझ्यामुळे आहे," ती म्हणाली. "मी केलंय हे. आता दुसऱ्याचंही करीन."

डॉक्टरीणबाईंनी यंत्र बाजूला ठेवलं. "तेव्हा तपासलं असतं तर बरं झालं असतं," त्या म्हणाल्या. "काही फरक पडला नसता असं मी तुम्हाला सांगणार नाही. थोडा पडला असता. किती, ते कुणीच सांगू शकत नाही. घरातलं खाणं, अंगकाठी, दिवसभर बसून राहणं, धागे पुष्कळ असतात. पण आज दुपारी जे झालं, त्यात त्या जुन्या साखरेचा हात नव्हता. ते भीतीनं केलं. आणखी थोडा उशीर झाला असता, तर मी तुमच्याशी बोलत नसते."

मग त्यांनी ढब्बूला जवळ बोलावलं. "साखर विष नाही. जास्त खाल्ली तर त्रास देते, एवढंच. तू मरणार नाहीस. आणि आज तू दिलीस, ते फार बरोबर केलंस."

"नक्की?" ढब्बूनं डॉक्टरीणबाईंना नाही, आईला विचारलं.

"नक्की," आई म्हणाली. "मी तेव्हा खोटं बोलले होते, बाळा. आत्ता नाही."

ढब्बूनं तिच्याकडे बराच वेळ बघितलं. पटलं की नाही ते तिच्या चेहऱ्यावर दिसेना. विश्वास उसवायला एक दिवस पुरतो, पुन्हा टाका घालायला महिने लागतात. तिला ते महिने मोजावे लागले.

घरी परतताना वायरमन एवढंच म्हणाला, "मला सांगायचंस ना गं. आठ वर्षं?" त्यात राग होता आणि तो तिनं निमूटपणे घेतला. दुसऱ्या दिवशी तो बहिणीकडे जाऊन आईला घेऊन आला. सासूबाई आल्या, पिशवी ठेवली, सुनेच्या तोंडाकडे बघितलं आणि काही विचारायच्या आत तिनं त्यांचे पाय धरले. "ऊठ," त्या म्हणाल्या. "पोटुशी बाईनं असं वाकू नये." थोड्या वेळानं गॅस पेटवता पेटवता त्याच पुटपुटल्या, "तुझा नवरा साडेचार किलोचा होता. आम्हाला कुणी काही तपासायलाच सांगितलं नाही. आम्ही नुसतं मिरवलं."

टेप पुन्हा कारखान्यात गेली ती तिकडेच राहिली. ताटं सगळ्यांची सारखी झाली. भाजी जास्त, भात बेताचा, सगळ्यांनाच. आठवड्यातून एकदा काहीतरी गोड, उघडपणे, सगळ्यांनी एकत्र बसून. ढब्बू पहिल्या वेळी तो तुकडा हातात धरून आईच्या तोंडाकडे बघत राहिली. आईनं आधी स्वतः एक कण खाल्ला, मग तिनं खाल्ला. मास्तरांनी बाराच्या मापाचा स्कर्ट बेतून दिला. तो घालून ढब्बू कितीतरी दिवसांनी गल्लीत दोरीवरच्या उड्या मारायला गेली. कारण आता वाकता येत होतं.

भीती मात्र गेली नाही. जायला ती पाहुणी थोडीच होती. बोट टोचताना, आकडा येईपर्यंतच्या त्या पाच सेकंदांत, दर वेळी छातीत धडधडायचं. फरक एवढाच, की आता ती आकडा मोठ्यानं वाचायची. वर असला तरी, खाली असला तरी, घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा.

बाळ झालं एका सकाळी. मुलगा. तीन किलो दोनशे. आकडा ऐकून सासूबाईंचा चेहरा क्षणभर पडला, इतकंच? आणि मग त्यांचं त्यांनाच हसू आलं. पण सुटकेचा श्वास टाकायला उसंत मिळाली नाही. नर्सनं तासाभरात बाळाच्या टाचेला टोचून रक्ताचा थेंब घेतला. साखर कमी होती. "आईकडून मिळणारा पुरवठा तुटला की असं होतं. पाजा, लगेच पाजा," ती म्हणाली. बाळ झोपाळू, ओढेचना. आई त्याच्या गालाला बोट लावत होती, तळपाय चोळत होती, आणि तिला ती दुपार आठवत होती. तोच घाम, तीच दोन दिसणारी सुई, पण याला तर 'साखर' म्हणताही येत नाही. शेवटी त्यानं ओढायला सुरुवात केली. दुसऱ्यांदा टाच टोचली, आकडा काठावर. तिसऱ्यांदा, ठीक. चौथ्यांदा, ठीक. संध्याकाळी ढब्बू आली तेव्हा त्याच्या टाचेवर चार लाल ठिपके होते. ढब्बूनं ते मोजले आणि नर्सला दरडावून विचारलं, "आता पुरे झालं ना?"

याला आता दीड वर्ष झालं. दर तीन महिन्यांनी ती दोघांनाही घेऊन तपासणीला जाते. ढब्बू दहा वर्षांची होईल. ती वरच्या रेषेच्या वरच आहे, पण गेल्या वर्षभरात उंची वाढली आणि वजन जवळजवळ तिथंच थांबलं. डॉक्टरीणबाई म्हणतात, या वयात हेच हवं. धाकट्याची वाढ रेषांच्या मधोमध चालली आहे. पुढचं त्या सांगत नाहीत. तिनं एकदा विचारलं होतं, "म्हणजे वाचला ना हा?" त्या म्हणाल्या, "बघत राहायचं. दोघांकडेही. आणि स्वतःकडेही. तुमचीही साखर दरवर्षी तपासायची."

परवा तपासणीहून परत येताना ढब्बू धाकट्याची ढकलगाडी ढकलत पुढे चालली होती. मागून आई. उन्हाची तिरीप होती, रस्त्यावर दुपारची सामसूम. ढब्बू अचानक थांबली आणि मागे वळून म्हणाली, "आई, मला भूक लागलीय."

तो शब्द ऐकला की अजूनही तिच्या काळजात धस्स होतं. अजूनही एक क्षण तिला वाटतं, किती खाईल ही, काय खाईल, पुढे काय होईल हिचं. तो क्षण तिनं आत गिळला.

"मलाही," ती म्हणाली. "चल, घरी जाऊन जेवू."